कॉन्फरन्स कशी फुटते

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नऊ विद्यापीठांचे अध्यक्ष त्या सकाळी ॲपल कंपनीबरोबरच्या क्रीडाप्रक्षेपणाच्या करारावर शिक्कामोर्तब करायला एकत्र येणार होते. दिवस संपेपर्यंत त्या नऊपैकी पाच विद्यापीठांनी दुसरा घरोबा केला होता. ओरेगन आणि वॉशिंग्टन 'बिग टेन'मध्ये गेली. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा 'बिग १२'मध्ये. मागे राहिली चार: स्टॅनफर्ड, बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. १९१५ सालापासूनचा वारसा सांगणारी 'पॅक-१२' ही कॉन्फरन्स एका दिवसात उघडी पडली.

टीव्हीच्या पैशाने घात केला, असं तेव्हा सगळीकडे म्हटलं गेलं, आणि ते खरंच आहे. पण आत कोणाला घ्यायचं आणि उंबऱ्याबाहेर कोणाला ठेवायचं हे शेवटी मतदानाने ठरतं. मतं जमवणं हे राजकारण आहे. अमेरिकेतल्या कॉलेज कॉन्फरन्सचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ज्या विद्यापीठाच्या मागे मोठं शहर नाही, सत्तेच्या खुर्चीत माजी विद्यार्थी नाही आणि ऐन वेळी हातात मत नाही, ते मागे राहतं. मैदानावर त्याचा संघ कसा खेळतो, याला त्या वेळी फारसं कोणी विचारत नाही.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ भरवतो आणि कोणतं विद्यापीठ कोणत्या विभागात खेळणार हे नकाशावरून ठरतं. अमेरिकेत तसं नाही. तिथली कॉन्फरन्स ही विद्यापीठांनी आपखुशीने उभी केलेली खासगी संघटना असते. तिचे पोटनियम असतात, संचालक मंडळ असतं, पगारी कमिशनर असतो, आणि मंडळावर प्रत्येक सभासद विद्यापीठाचा अध्यक्ष बसतो. सहकारी साखर कारखान्याचा कारभार ज्याने जवळून पाहिला आहे त्याला ही रचना लगेच कळेल. सभासद होण्यासाठी आधीच्या सभासदांची संमती लागते, उत्पन्न वाटून घेतलं जातं, आणि आपला ऊस आपल्याच कारखान्याला घालायचं बंधन पत्करावं लागतं. इथे ऊस म्हणजे सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क.

या संघटना देशव्यापी नियामक संस्थेहूनही जुन्या आहेत. 'बिग टेन'ची स्थापना १८९६ साली शिकागोत झाली, एनसीएए त्यानंतर दहा वर्षांनी आली. सुरुवातीचा हेतू साधा होता. फुटबॉलच्या नावाखाली भाडोत्री खेळाडू उभे केले जात होते, त्याला विद्यापीठांनीच आळा घालायचा. (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा.) रेल्वेने जाऊन सोमवारच्या वर्गाला परत येता येईल अशा अंतरावरची विद्यापीठं एकत्र आली. शेजार आणि चुरस या दोन गोष्टींवर कॉन्फरन्स उभी होती, आणि तिच्या लोकप्रियतेचं मूळही तेच होतं.

या शेजाराला बाजारभाव आला तो २७ जून १९८४ रोजी. तोवर कोणत्या संघाचे किती सामने टीव्हीवर दिसणार हे एनसीएए ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची मक्तेदारी बेकायदा ठरवली. भिन्नमत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामवंत फुटबॉलपटू होते. विद्यापीठांच्या खेळाला निव्वळ धंद्याच्या मापाने मोजू नये, त्यामागे शैक्षणिक हेतूही आहे, असा त्यांचा आक्षेप होता. मला तो आक्षेप आजही महत्त्वाचा वाटतो. बहुमताचा निकाल कायद्याच्या दृष्टीने सबळ असेल, पण त्या दिवसानंतर सामने विकायचा हक्क आधी विद्यापीठांच्या आणि मग कॉन्फरन्सच्या हाती आला, आणि नवा सभासद घेताना 'तो टीव्हीवर किती प्रेक्षक आणेल' हा पहिला प्रश्न झाला.

१९९२ साली साउथईस्टर्न कॉन्फरन्सने बारा सभासद झाल्यावर दोन गट पाडले आणि दोन्ही गटविजेत्यांमध्ये अंतिम सामना खेळवला. बारा सभासद असतील तर असा जादा सामना खेळवता येतो, अशी तरतूद नियमांत आधीपासून होती; मोठ्या कॉन्फरन्समध्ये तिचा उपयोग पहिल्यांदा कमिशनर रॉय क्रेमर यांनी केला. त्या एका सामन्याच्या कमाईने बारा हा आकडा सगळ्यांचं लक्ष्य झाला.

राजकारणी उघडपणे उतरले ते टेक्सासमध्ये. १९१४ पासूनची साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९४ च्या सुमारास डळमळत होती. तिच्यातली दोन मोठी विद्यापीठं, टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम, बाहेर पडायच्या तयारीत होती आणि मध्य अमेरिकेतली 'बिग एट' कॉन्फरन्स त्यांना घ्यायला उत्सुक होती. त्या दोघांबरोबर आणखी कोण जाणार, हा प्रश्न होता. राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलॉक हे टेक्सास टेकचे पदवीधर, कायद्याची पदवी त्यांनी बेलरमधून घेतलेली. गव्हर्नर ॲन रिचर्ड्स याही बेलरच्या. राज्याच्या अंदाजपत्रकावर बुलॉक यांची जबर पकड होती. 'टेक आणि बेलरला बरोबर घ्या, नाहीतर निधीचं बघा' असा निरोप त्यांनी दोन मोठ्या विद्यापीठांना दिल्याची हकिगत टेक्सासमध्ये आजही सांगितली जाते. रिचर्ड्स यांचा हात त्यात किती होता यावर वाद आहे, पण निकालावर नाही. नव्या 'बिग १२'मध्ये टेक्सासची चार विद्यापीठं गेली. टीसीयू, एसएमयू, राइस आणि ह्यूस्टन मागे राहिली, आणि १९९६ साली साउथवेस्ट कॉन्फरन्स बंद झाली. टीसीयूला मोठ्या वर्तुळात परतायला २०१२ उजाडलं, ह्यूस्टनला २०२३, एसएमयूला २०२४. राइसला अजून कोणी बोलावलेलं नाही.

व्हर्जिनियातलं प्रकरण तर एका मताचं होतं. २००३ साली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे, म्हणजे एसीसीचे, नऊ सभासद होते आणि विस्ताराला सात मतं हवी होती. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना विरोधात गेल्यावर व्हर्जिनिया विद्यापीठाचं मत निर्णायक झालं. एसीसीच्या मनात मायामी, सिरॅक्यूज आणि बॉस्टन कॉलेज होतं. त्याच राज्यातलं व्हर्जिनिया टेक यादीतच नव्हतं. गव्हर्नर मार्क वॉर्नर यांनी विषय लावून धरला, व्हर्जिनिया विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन कास्टीन यांनी आपलं मत टेकच्या प्रवेशाला बांधून टाकलं, आणि अखेर मायामीबरोबर निमंत्रण गेलं ते व्हर्जिनिया टेकला. बॉस्टन कॉलेजला काही महिन्यांनी घेतलं. सिरॅक्यूजला आणखी दहा वर्षं थांबावं लागलं. तिकडे ज्या कॉन्फरन्समधून हे संघ चालले होते तिच्या बाजूने कनेटिकटचे ॲटर्नी जनरल रिचर्ड ब्लुमेंथल कोर्टात गेले. राज्यकर्ते यात का पडतात? सरकारी विद्यापीठ राज्याच्या पैशावर चालतं, त्याचे माजी विद्यार्थी मतदार असतात, आणि शनिवारच्या सामन्यावर गावातली हॉटेलं, दुकानं, छोटे धंदे जगतात. त्यांनी लक्ष घातलं नाही तर निवडणुकीत त्यांना जाब विचारला जातो.

सभासद पळू नयेत म्हणून पुढे एक नवा करार रूढ झाला. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या मैदानावरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क ठरावीक मुदतीसाठी कॉन्फरन्सच्या नावे करून द्यायचे. मग विद्यापीठ निघून गेलं तरी हक्क मागेच राहतात आणि त्याला नव्या घरी रिकाम्या हाताने जावं लागतं. एसीसीने २०१३ साली असा करार केला आणि नंतर तो २०३६ पर्यंत वाढवला. पॅक-१२ चा करार २०२४ च्या उन्हाळ्यात संपत होता. ही एक तारीख लक्षात ठेवली की पुढच्या सगळ्या घडामोडींचा उलगडा होतो.

पॅक-१२ च्या चुका आधीच सुरू झाल्या होत्या. २०११ मध्ये तिने ईएसपीएन आणि फॉक्स या वाहिन्यांबरोबर बारा वर्षांचा, सुमारे तीन अब्ज डॉलरचा करार केला, तेव्हा तो देशात सगळ्यांत मोठा होता. कमिशनर लॅरी स्कॉट यांनी त्यासोबत कॉन्फरन्सच्या पूर्ण मालकीची वाहिनीही काढली. भागीदार नको, सगळा नफा आपला, असा विचार होता. पण डिरेक्टटीव्ही या बड्या वितरकाशी सौदा कधी जमलाच नाही आणि वाहिनी लाखो घरांत पोहोचलीच नाही. त्याच काळात बिग टेन आपल्या वाहिनीसाठी प्रेक्षक मोजून सभासद घेत होती. २०१४ साली मेरिलँड आणि रटगर्सला प्रवेश मिळाला त्यामागे वॉशिंग्टन डीसी आणि न्यूयॉर्क परिसरातल्या केबल जोडण्या होत्या.

जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी बिग १२ सोडून साउथईस्टर्नमध्ये जायचं जाहीर केलं. बिग १२ चे उरलेले आठ सभासद तेव्हा आसरा शोधत होते. पॅक-१२ ने ऑगस्टमध्ये विस्तार करणार नसल्याचं सांगून दार लावून घेतलं आणि बिग टेन व एसीसीबरोबर एक आघाडी जाहीर केली. एकमेकांचे सभासद पळवायचे नाहीत असा त्या आघाडीचा भाव होता; कागदावर सही मात्र कोणाची नव्हती. वर्षही उलटलं नाही तोच, ३० जून २०२२ रोजी, बिग टेनने यूएससी आणि यूसीएलए हे लॉस एंजेलिसचे दोन्ही संघ उचलले. देशातली दुसऱ्या क्रमांकाची टीव्ही बाजारपेठ पॅक-१२ च्या हातून गेली.

ज्यांना दार बंद केलं होतं त्या बिग १२ ने चपळाई दाखवली. नवे कमिशनर ब्रेट योरमार्क यांनी मुदतीआधीच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, ईएसपीएन आणि फॉक्सशी नवा करार उरकला. पॅक-१२ चे कमिशनर जॉर्ज क्लियावकॉफ जास्त रकमेच्या आशेवर थांबले, आणि तोवर वाहिन्यांच्या थैल्या रित्या झाल्या होत्या. शेवटी हाती आला तो ॲपलचा प्रस्ताव. वृत्तांनुसार त्यात दर सभासदाला वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरची हमी होती, वर वर्गणीदारांच्या संख्येनुसार वाढ. बिग १२ चा आकडा तीन कोटींच्या वर होता. २७ जुलै २०२३ रोजी कोलोरॅडो निघालं, आठ दिवसांनी आणखी पाच. ओरेगन आणि वॉशिंग्टनने तर बिग टेनमध्ये सुरुवातीची वर्षं जवळपास निम्म्या वाट्यावर राहायचं कबूल केलं. उपाशी राहायची भीती किती खोल गेली होती ते यावरून कळतं.

उरलेल्या चारांत स्टॅनफर्ड आणि बर्कलीला त्यांच्या नावाने तारलं. आपल्याकडे ही नावं संशोधनासाठी घेतली जातात, आणि कॉन्फरन्सच्या मतदानातही विद्यापीठाच्या अध्यक्षांना अशा नावांचं वजन वाटतंच. १ सप्टेंबर २०२३ रोजी एसीसीने पंधरापैकी बारा मतांनी स्टॅनफर्ड, बर्कली आणि डॅलसच्या एसएमयूला घेतलं. बाराच मतं लागत होती. फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन आणि नॉर्थ कॅरोलायना विरोधात होती, आणि आधी विरोधात असलेल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने बाजू बदलली म्हणून ठराव पास झाला. किंमतही पुरेपूर मोजावी लागली. एसएमयूने नऊ वर्षं कॉन्फरन्सच्या टीव्ही उत्पन्नातला वाटा सोडला, स्टॅनफर्ड-बर्कलीने बरीच वर्षं तुटपुंज्या वाट्यावर समाधान मानलं. बर्कलीला आणखी एक आधार मिळाला. ते आणि यूसीएलए एकाच राज्य विद्यापीठाच्या शाखा. एकीच्या जाण्याने दुसरीचं नुकसान झालं, म्हणून त्या दोघांच्या वरच्या नियामक मंडळाने, म्हणजे रिजंट्सनी, यूसीएलएने बर्कलीला तीन वर्षं दरवर्षी एक कोटी डॉलर द्यावेत असा निर्णय २०२४ मध्ये दिला. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी २०२२ मध्येच यूसीएलएकडे खुलासा मागितला होता.

ओरेगन स्टेटच्या आणि वॉशिंग्टन स्टेटच्या पाठीशी असं कोणी उभं राहिलं नाही. एक कॉर्व्हॅलिसला, दुसरं पुलमनला. दोन्ही शेतीशिक्षणाच्या परंपरेतून वाढलेली सरकारी विद्यापीठं. पुलमन हे गव्हाच्या टेकड्यांतलं छोटं गाव, सिअ‍ॅटलपासून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. या दोघांवर ही वेळ पहिल्यांदा आलेली नव्हती. १९५९ साली खेळाडूंना चोरून पैसे दिल्याच्या प्रकरणांनंतर जुनी पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स मोडली, तेव्हाही कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांनी आणि वॉशिंग्टनने नवी संघटना काढली. वॉशिंग्टन स्टेटला तिच्यात शिरायला १९६२ पर्यंत थांबावं लागलं, ओरेगन आणि ओरेगन स्टेटला १९६४ पर्यंत. पुलमनपासून तेरा-चौदा किलोमीटरवर, राज्याच्या सीमेपलीकडे आयडाहो विद्यापीठ आहे. त्याला परत बोलावणं आलंच नाही. २०१८ साली त्याने फुटबॉलमध्ये वरची पातळी सोडून खालच्या पातळीवर जायचं पत्करलं. पुलमनच्या लोकांना साठ वर्षांनंतर काय वाटलं असेल ते समजायला हे उदाहरण शेजारीच होतं.

मात्र या वेळी या दोघांकडे एक हत्यार होतं: पॅक-१२ चे पोटनियम. १ ऑगस्ट २०२४ पूर्वी कॉन्फरन्स सोडण्याची सूचना देणाऱ्या सभासदाची मंडळावरची जागा जाते, असं त्यांत लिहिलेलं होतं. यूएससी आणि यूसीएलए निघाले तेव्हा बाकीच्या दहांनी याच कलमाने त्यांना मंडळावरून दूर केलं होतं, आणि पुढे कोलोरॅडोलाही. मग स्वतःवर वेळ आल्यावर कलमाचा अर्थ बदलणार कसा? ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट कोर्टात गेली. १४ नोव्हेंबर २०२३ रोजी कोलफॅक्सच्या काउंटी न्यायालयात न्यायाधीश गॅरी लिबी यांनी मंडळाचा ताबा या दोघांकडे दिला, आणि जाणाऱ्यांना मोसम संपेपर्यंत न्याय्य वागणूक द्यावी अशी अटही घातली. डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला आणि तडजोड झाली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत समाधान देणारा भाग हाच आहे. ज्या दोघांचं मत कोणी मोजत नव्हतं, त्यांच्याच हाती शेवटी सगळी मतं आली.

पैसा मात्र परतला नाही. पॅक-१२ कडून दर विद्यापीठाला वर्षाला साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास मिळत होते. तो झरा आटल्यावर वॉशिंग्टन स्टेटने २०२५ मध्ये आपल्या ॲथलेटिक्स संघातून उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींवर भर ठेवला. केनियाचे हेन्री रोनो याच विद्यापीठात शिकत असताना १९७८ साली तीन महिन्यांच्या आत चार विश्वविक्रम मोडून गेले होते. अशा ठिकाणी भालाफेक करणाऱ्या मुलीला संघच उरू नये, याचं फुटबॉलच्या करारांत कुठे उत्तर नाही. जे श्रीमंत कॉन्फरन्समध्ये गेले त्यांच्या खेळाडूंचीही वेगळी परवड आहे. फुटबॉलचा संघ आठवड्याला एकदा खेळतो, त्याला खास विमान असतं. सॉफ्टबॉल आणि व्हॉलीबॉल हे फुटबॉलपेक्षा कितीतरी जास्त सामने असलेले खेळ. त्यांच्या मुलींनी लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला, जवळजवळ ३,९०० किलोमीटर, जायचं, घड्याळ तीन तास पुढे करायचं आणि परत येऊन परीक्षा द्यायची. प्रक्षेपणाचा करार फुटबॉलपुरता करून बाकी खेळांना जुन्या शेजाऱ्यांशी खेळू देणं अशक्य नव्हतं. नोटर डेम वर्षानुवर्षं उलट्या बाजूने हेच करतं आहे: फुटबॉलमध्ये स्वतंत्र, बाकी बहुतेक खेळांत २०१३ पासून एसीसीत. कोणत्याही कमिशनरने हा मार्ग मनापासून लावून धरला नाही, आणि ही मला या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक वाटते.

वरच्या पातळीवरच्या कॉन्फरन्सला फुटबॉलचे किमान आठ सभासद लागतात. दोनच उरलेल्या पॅक-१२ ला दोन वर्षांची सवलत मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट हे पाच सभासद ओढून घेतले, मग बास्केटबॉलसाठी गॉन्झागा घेतलं, आणि आठवा फुटबॉल सभासद म्हणून २०२५ मध्ये टेक्सास स्टेटला गाठलं. नव्या रचनेची सुरुवात १ जुलै २०२६ पासून ठरली. माउंटन वेस्टने या पाचांबद्दल साडेपाच कोटी डॉलरची भरपाई मागितली आणि प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं. ज्यांना सगळ्यांनी टाकलं होतं त्यांनी जगण्यासाठी आपल्याहून दुबळ्या शेजाऱ्याचं घर रिकामं केलं. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता होता असं मला वाटत नाही, पण वायोमिंग किंवा न्यू मेक्सिकोसारख्या मागे राहिलेल्या विद्यापीठांना त्याने दिलासा मिळत नाही.

पुढचं वळण कुठे येणार हे करारांच्या तारखांतच दिसतं. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी एसीसीच्या हक्कांच्या करारालाच कोर्टात आव्हान दिलं होतं. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली, आणि तिच्यानुसार एसीसीतून बाहेर पडण्याची रक्कम दरवर्षी उतरत २०३०-३१ मध्ये साडेसात कोटी डॉलरवर येते. बिग टेन आणि बिग १२ यांचे सध्याचे टीव्ही करारही त्याच सुमाराला संपतात. आज बिग टेनमध्ये अठरा विद्यापीठं आहेत, साउथईस्टर्न आणि बिग १२ मध्ये सोळा-सोळा. स्टॅनफर्ड आणि बर्कली ज्या एसीसीत आसऱ्याला गेली, तिचेच मोठे सभासद २०३० च्या मोसमाकडे डोळे लावून बसले आहेत. त्या वेळी कोणाचं मत निर्णायक ठरेल, कोणत्या राज्याचा गव्हर्नर फोन उचलेल, याची चाचपणी विद्यापीठांच्या कचेऱ्यांत आतापासूनच सुरू झालेली असणार.